दुसऱ्या टाकीची कुळकथा

हिंजवडी, माण, मारुंजी, बावधन ही नावं आता आयटीवाल्यांची झाली असली तरी सातबाऱ्यावर तालुका मुळशीच लिहिलेला असतो. या पट्ट्यातल्या काही घरांत हल्ली समुद्र नांदतो. दिवाणखान्यात निळ्या उजेडाखाली खडक मांडलेले, कपारीत क्लाऊनफिशची जोडी, वाळूवर गोगलगाय, काचेच्या कडेला पिसारा उघडून बसलेला नळीतला किडा. येणारा-जाणारा तिथे थबकतो. त्याच घरात मागच्या बाल्कनीत किंवा मोरीशेजारी आणखी एक टाकी असते. चाळीस-पन्नास लिटरची, तळाला वाळू नाही, खडक नाही, आत पीव्हीसी पाईपचे दोन-तीन तुकडे, एक स्पंज फिल्टर आणि एक हीटर. तिच्याकडे कोणी पाहत नाही. समुद्री टाकी उभी करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हिच्यासाठी जागा काढायला सांगतो. पैसे कमी असतील तर मोठी टाकी वीतभर लहान घ्यावी, पण ही हवीच.

हिचं कूळ पाहायला गेलं तर दोन घराणी निघतात. एक पाणी जिवंत राखणाऱ्यांचं, दुसरं मासा बरा करणाऱ्यांचं. पुढे या दोघांचं पटेनासं झालं आणि तो तंटा मिटवायला ही बोडकी टाकी मध्ये आली.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष शोधावा तर भेटतात त्या बायका. जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे काचेच्या टाक्या करवून घेतल्या. आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा समुद्रजीव आपलं कवच स्वतः घडवतो की दुसऱ्याचं बळकावतो, हा त्या वेळचा वाद त्यांना सोडवायचा होता. टाकीत पाहून त्यांनी तो सोडवलाही: कवच तो स्वतःच घडवतो. पण प्रवाळ घरी पाळण्याचा मान जातो अ‍ॅना थिन यांच्याकडे. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये धर्माधिकारी होते. १८४६ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना दगडी प्रवाळ दिसलं आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरणीत घालून त्यांनी ते लंडनला आणलं. वाटेत गडगडू नये म्हणून सुई-दोऱ्यानं ते एका मोठ्या स्पंजावर टाचून घेतलं होतं! समुद्र दूर, पाणी मोजकं. मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढल्या वर्षी थिनबाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ओताओतीचं काम बरंचसं हलकं झालं. आज आपण एअर पंप आणि वेव्हमेकर लावतो, ते काम आधी त्या मोलकरणीच्या मनगटांनी केलं. तिचं नाव कुठेच येत नाही, याची मला हळहळ वाटते.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं गोल्डफिश, पाणवनस्पती आणि सडका पाला खाणारी गोगलगाय एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी चालवली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांनी समुद्राचं पाणी क्षार मिसळून घरीच कसं करावं याची कृती छापली. ही कृती नसती तर मुळशीत समुद्री टाकी निघालीच नसती. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे किनारा गाठता येतो आणि येताना कॅन भरून आणावेत असा मोह होतो. पण किनाऱ्यालगतचं ते पाणी पावसाळ्यात गढूळ आणि फिकं, इतर वेळी कशाकशाचं भरलेलं. त्यापेक्षा आरओचं पाणी घेऊन त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवावेत, पाणी दिवसभर फिरवावं आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की वापरावं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट घालू नये. त्याचा जडपणा आणि त्यातले फॉस्फेट-सिलिकेट पुढे तपकिरी शेवाळाच्या रूपानं वसूल होतात.

तसं मुळशीचं पाणी समुद्राला अनोळखी नाही. मुळा नदीतून ते पूर्वेला भीमेकडे आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा केला, त्या टाटांच्या धरणानं ते पश्चिमेला वळवलं. आता ते भिऱ्याच्या वीजघरात कोसळून कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्रात मिसळतं.

दुसरं घराणं माशांच्या मरणातून उभं राहिलं. समुद्री मासा दुकानातून आणला, चार-सहा दिवस छान खाल्लं-प्यायलं, आणि एका सकाळी त्याच्या कल्ल्यांवर, परांवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, की पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ब्ल्यू टँगसारख्या गडद माशावर ते लगेच दिसतात, पिवळ्यावर तिरकस पाहावं लागतं. मासा खडकाला अंग घासतो, पाण्याच्या झोताशी तोंड करून उभा राहतो, कल्ले भरभर हलतात. ठिपके दिसतात ते कातडीवर, पण जीव जातो तो कल्ल्यांमुळे. तिथे परजीवी शिरले की पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही.

गोल्डफिश पाळलेल्याला हे ठिपके ओळखीचे वाटतात. गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटच्या परजीवीचं वर्णन फूके या फ्रेंच संशोधकानं १८७६ मध्येच केलं होतं. मीठ टाका, हीटर वाढवा, हा त्यावरचा घरगुती उपाय सगळ्यांना पाठ. समुद्रातला रोग दिसायला तसाच, पण त्याचा जीव वेगळा आणि नातं लांबचं. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये तो नोंदवला. संशोधक ई. एम. ब्राउन यांनी १९५१ मध्ये त्याला क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हे नाव दिलं. मखमलीसारखी बारीक धूळ अंगावर पसरवणारा, याहून झपाट्यानं मारणारा दुसरा समुद्री परजीवी ब्राउन यांनीच १९३१ मध्ये वर्णन केला होता. ज्या वर्षी क्रिप्टोकॅरियॉनचं बारसं झालं, त्याच १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. काचेमागचा समुद्री मासा मराठी माणसानं पहिल्यांदा डोळे भरून पाहिला तो बहुधा तिथेच. पुण्या-मुळशीच्या कित्येक घरांतली ओढ मुंबईच्या त्या सहलीतून सुरू झाली असेल.

औषध आलं ते अमेरिकेतून. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये मखमली रोगावर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, इलाज प्रसिद्ध केला. तो व्हाइट स्पॉटवरही चालला. पण मोरचूद माशावरचा ठिपका मारत नाही. ठिपका म्हणजे कातडीच्या आत दडलेला परजीवी, तिथवर तांबं पोचत नाही. तीन ते सात दिवसांनी तो पोसून खाली गळतो, काचेला, वाळूला, खडकाला चिकटून स्वतःभोवती कोश करतो. कोशावरही औषध चालत नाही. कोश फुटून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. तांबं त्यांना गाठतं ते फक्त या उघड्या फेरीत. म्हणून मात्रा आठवडे सलग टिकवावी लागते, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या अरुंद पट्टीत. खाली गेली तर रोग परत, वर गेली तर मासा गेला. दिवसातून दोनदा टेस्ट किटनं तपासावं लागतं ते यासाठी.

इथे दोन गोष्टी लक्षात आल्या. चुनखडीचे खडक आणि प्रवाळाची वाळू असलेल्या टाकीत तांबं पाण्यात राहत नाही, खडक ते ओढून घेतो. आणि प्रवाळ, झिंगे, गोगलगाई, अ‍ॅनिमोन या बिनकण्याच्या जिवांना तांबं विषच आहे.

तोवर पहिलं घराणंही पुढे सरकलं होतं. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे मोजके बुडबुडे. यंत्र जवळजवळ नाहीच. खडकाच्या छिद्राछिद्रांतले जिवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करत होते, आणि आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, त्या नायट्रेटचाही वायू करून सोडत होते. पुढे जर्मन भाषक हौशी मंडळींनी याला आकार दिला. पीटर विल्केन्स यांनी १९७३ च्या पुस्तकात प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम चुन्याच्या निवळीतून द्यायला शिकवलं. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या मंडळींनी जिवंत खडक, फेस काढणारा प्रोटीन स्किमर आणि प्रखर दिवे यांची सांगड घातली. तिला बर्लिन पद्धत म्हणतात. आजची घरची रीफ, म्हणजे प्रवाळाची, टाकी हिचीच लेक.

आणि तंटा पेटला तो इथेच. ज्या खडकामुळे पाणी जिवंत राहतं, त्याच खडकावर रोगाचा कोश चिकटतो, आणि त्या पाण्यात औषध टाकावं तर खडकच मरतो. मोठ्या टाकीत मासा बरा करता येत नाही, ही गोष्ट मान्य करायला हौशी लोकांना बराच काळ लागला. अजूनही पुष्कळांना ती मान्य नाही. लसणाचा रस खाण्यातून द्या, ‘रीफ-सेफ’ लिहिलेली बाटली टाका, आणि ‘आमच्याकडे पाचव्या दिवशी ठिपके गेले’ म्हणा. ठिपके जाणारच होते. परजीवी पोसून खाली उतरला होता, लसणाचा त्यात काही हात नव्हता. पुढच्या फेरीत तो कितीतरी पटींनी परततो आणि तेव्हा पाळणाऱ्याला वाटतं की आता नवाच काही रोग आला. हा भ्रम तोडायची मला फार निकड वाटते, कारण दर वेळी त्याची किंमत माशानं मोजलेली असते.

म्हणून ही दुसरी टाकी. तिचं बोडकेपण हौसेचं नाही. वाळू-खडक नाही म्हणजे तांब्याची मात्रा ढळत नाही. पाईपचे तुकडे कशासाठी, तर बुजलेल्या माशाला शिरायला जागा हवी आणि पीव्हीसी तांबं शोषत नाही. स्पंज महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, ठेवून त्यात जिवाणू मुरवून घ्यायचा, नाहीतर खडकाविना टाकीत चार दिवसांत अमोनिया चढतो आणि रोगाऐवजी पाणीच मारतं. वर जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप आधी इथे लावायचा: आजारी कल्ल्यांना कमी हवा परवडत नाही.

तांबं नको असेल तर आणखी एक वाट आहे. इस्रायलमधल्या ऐलात इथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात या परजीवीच्या फेऱ्या मोजल्या. त्यांच्या नोंदीत काही कोश तिसऱ्या दिवशी फुटले, काही थेट ७२ व्या दिवशी. त्यावरून मासा दर तीन दिवसांनी नव्या कोरड्या, स्वच्छ टाकीत हलवायची युक्ती निघाली. बारा दिवसांत चार बदल. गळलेले परजीवी मागच्या टाकीत राहतात, पिल्लं निघेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो. औषधाचा थेंब लागत नाही, लागतात दोन छोट्या टाक्या आणि कधी न चुकणारा माणूस. आणि मोठ्या टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवायची, हा हिशेबही त्याच ७२ वरून आला.

आपल्याकडे कायद्यानं यात आणखी एक गाठ मारली, आणि ती योग्यच आहे. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आले. वाघाच्या पंक्तीत बसलेला जीव छिन्नीनं तोडून बैठकीत ठेवण्यात कसलीही हौस नाही. मालवणच्या किल्ल्याभोवतीचं प्रवाळ पाण्यात तोंड घालून पाहावं आणि तिथेच सोडावं. घरच्या टाकीसाठी सिरॅमिकचे खडक घ्यावेत, त्यांवर जिवाणू बसायला दीड-दोन महिने द्यावेत, आणि जो जीव आणायचा त्याचं नाव आधी अनुसूचीत शोधावं. मासेही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा हॅचरीतले घ्यावेत. केंद्रीय संस्थांनी क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे केव्हाच साधली आहे आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांचे गट हे मासे वाढवतात.

मात्र हॅचरीचा मासा म्हणून दुसरी टाकी टळत नाही. क्लाऊनफिशला ब्रुक्लिनेला नावाचा एक रोग होतो. लोम आणि निग्रेली यांनी १९७० मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगावर चिकट पांढुरका थर चढतो, मासा दोन-तीन दिवसांत जातो, आणि यावर तांबं लागूच पडत नाही, फॉर्मलिनची मोजून अंघोळ घालावी लागते. तीही याच टाकीशेजारच्या बादलीत.

हल्ली या कुळात तिसरी पिढी आली आहे. कोश फक्त माशाबरोबर येत नाहीत. गोगलगाईच्या शंखावर, झिंग्याबरोबर आलेल्या पाण्यात, उसन्या घेतलेल्या ओल्या खडकावरही येतात. म्हणून काही जण आता बिनकण्याच्या जिवांसाठी आणखी एक छोटी पेटी ठेवतात. तिच्यात औषध नाही, मासा नाही, एक लहानसा दिवा आणि मंद पंप. नवी गोगलगाय तिथे ७६ दिवस काढते, मगच मोठ्या टाकीत जाते.