चर्चमधले बघे

जर्मनीत ऑनसाईट आलेल्या आपल्या पोरांचा पहिल्या महिन्यातला ठरलेला प्रश्न: "अरे, चर्चमध्ये आपल्याला आत घेतात का?" मग कुणीतरी जाणकार चेहरा करून सांगतो, की आत गेलास तर पगारातून टॅक्स कापतात! तर मंडळी, आधी हा टॅक्स मिटवून टाकू. चर्च टॅक्स फक्त नोंदलेल्या सभासदांच्या पगारातून जातो, राज्याप्रमाणे आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात तो त्यासाठीच. रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसलात म्हणून कुणी काही कापत नाही.

आता "आत घेतात का" चं उत्तर. ल्यूथरन चर्चपुरतं ते जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीच छापून झालंय.

१५१७ आणि ते ९५ मुद्दे आपण शाळेत घोकलेत. पण भांडण झाल्यावर रविवारी करायचं काय, हा प्रश्न उरतोच ना? तोवर सगळी उपासना लॅटिनमध्ये. लोक उभे राहायचे, कळायचं फार थोडं. १५२५ च्या शेवटी विटेनबर्गमध्ये जर्मन भाषेतली उपासना सुरू झाली आणि १५२६ मध्ये मार्टिन ल्यूथरने तिची पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत हा माणूस सरळ म्हणतो, की जमलेल्यांत बरेच जण अजून विश्वास न ठेवणारे आहेत आणि बहुतेक जण काहीतरी नवीन बघायला मिळतंय म्हणून नुसते बघत उभे असतात. जणू तुर्क नि परधर्मीयांच्या मधोमध, उघड्या मैदानावर उपासना चाललीय!

म्हणजे आपण. रिक्वायरमेंटमध्येच हा युजर धरलेला आहे :-) अर्थात ल्यूथर काही पर्यटन खातं चालवत नव्हता. बघ्याला समजावं आणि समजून त्याने विश्वास ठेवावा, हाच हेतू होता. ते लपवायचं कारण नाही आणि त्यांनीही लपवलेलं नाही.

आत गेल्यावर पहिला गोंधळ हा, की अरे, हे तर कॅथलिक दिसतंय! वेदी, क्रूस, चित्रं, सगळं जागेवर. त्याचं कारण १५२२ मध्ये आहे. ल्यूथर लपून बसला होता तेव्हा विटेनबर्गमधल्या जहाल मंडळींनी मूर्ती आणि चित्रं काढायचा सपाटा लावला. मार्चमध्ये तो परत आला आणि आठवडाभर रोज प्रवचन देऊन त्याने हा दंगा थांबवला. जबरदस्तीने काही काढायचं नाही, असं त्याचं म्हणणं. कॅल्विनच्या वाटेने गेलेली चर्चेस भिंती कोऱ्या करून बसली, ल्यूथरन चर्चेसमध्ये चित्रं राहिली.

मग भिंतीवर एक फळा दिसेल, नुसते आकडे लिहिलेला. ते गीतांचे क्रमांक. दारात मिळालेल्या गीतपुस्तकात ते नंबर काढायचे. माझ्या मते या पंथाची सगळ्यात भारी गोष्ट हीच. गाणं गायकवृंदाकडून काढून बाकावरच्या लोकांना दिलं. १५२४ चं पहिलं पुस्तक जेमतेम आठ गीतांचं होतं, आजचं चांगलं जाडजूड आहे. ऑर्गन सुरू झाला की सगळे गातात, बेसूर आजोबासुद्धा. तुम्ही नाही गायलात तरी चालतं. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, बस्स.

प्रवचन लांबतं अशी तक्रार असेल तर बाखचा काळ आठवा. १७२३ ते १७५० तो लाइपझिगमध्ये संगीतप्रमुख होता. तेव्हा रविवारची उपासना सकाळी सात वाजता सुरू व्हायची आणि तीनेक तास सहज चालायची. त्यातलं प्रवचनच तासाभराचं! त्याच्या कंटाटा या तासाच्या अलीकडे-पलीकडे बसवलेल्या असत. आज सगळं मिळून साधारण तासात आटपतं. टोमासकिर्शेमध्ये लोक बाखच्या थडग्याचा फोटो काढून सटकतात, तसं करू नका. शुक्रवारी संध्याकाळी सहाला जा. शाळेच्या सुट्ट्या नसतील तर टोमानर मुलांचा गायकवृंद गातो. हा वृंद १२१२ सालचा. म्हणजे ल्यूथरच्याच काय, ज्ञानेश्वरीच्याही आधीचा.

प्रभुभोजन असेल तर भाकर आणि द्राक्षारस दोन्ही सगळ्यांना देतात. आधी प्याला फक्त पाद्रीबाबांना मिळायचा, त्यावरून मोठी भांडणं झालीयेत. हे मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. आपण जागेवर बसून राहायचं, कुणी वळून बघत नाही.

भाषेचा हा आग्रह आपल्याकडेही पोचला. लाइपझिगशेजारच्या हालमध्ये शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला, तमिळ शिकला आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून मोकळा झाला.

पण बघ्यांची खरी गोष्ट लाइपझिगच्याच निकोलाइकिर्शेमधली. पूर्व जर्मनीच्या काळात, १९८२ पासून, तिथे दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होई. दारावर पाटी: सर्वांसाठी खुलं. देव न मानणारे, देश सोडायचा अर्ज केलेले, सगळे येऊ लागले. ९ ऑक्टोबर १९८९ ला सरकारी पक्षाने शक्कल लढवली. आपलीच माणसं दुपारपासून बाकांवर नेऊन बसवायची, म्हणजे बाकीच्यांना जागाच उरणार नाही. शेकडो पार्टी सभासद हुकमावरून चर्चमध्ये! पाळक क्रिस्टियान फ्यूरर (आडनाव योगायोगाचं, काय करणार) यांनी त्यांना हाकललं नाही. सर्वांसाठी खुलं म्हणजे यांच्यासाठीही खुलं. फक्त वरचे सज्जे त्यांनी बंद ठेवले होते, ते नंतर उघडले, आणि नेहमीची माणसं तिथे मावली. हुकमाने आलेल्यांनी गुमान सगळी प्रार्थना ऐकली.

बाहेर पोलीस आणि सैन्य तयार. शहराच्या इस्पितळांत जादा रक्त मागवल्याच्या बातम्या फिरत होत्या. संगीतसंचालक कुर्ट मासूर आणि आणखी पाच जणांचं शांततेचं आवाहन चर्चमध्ये आणि रस्त्यावरच्या लाउडस्पीकरवर वाचलं गेलं. दारं उघडली तेव्हा चौक मेणबत्त्या घेतलेल्या लोकांनी भरलेला. त्या रात्री सत्तर हजार माणसं शहराच्या रिंगरोडवरून चालली आणि गोळी सुटली नाही. बरोब्बर एक महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

सोमवारची ती प्रार्थना अजून होते, संध्याकाळी पाचला. थोडं लवकर जा. आणि वर सज्जावर बसा, तिथून ताडाच्या झाडांसारखे ते हिरवे-पांढरे खांब झकास दिसतात.