जनआरोग्य योजना : पात्रतेची रेषा कशी सरकत गेली?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत सरकारी आणि खासगी रुग्णालयांत ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार रुग्णाकडून पैसे न घेता केले जातात. ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

सुरुवातीला पात्र कोण होते?

गरीब कोण, हे ठरवण्यासाठी शासनाने घरात आधीच असलेली शिधापत्रिका प्रमाण मानली. पिवळी, केशरी, अंत्योदय किंवा अन्नपूर्णा शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ही मर्यादा अडीच लाख होती.

सोय झाली, पण खोचही तिथेच होती. तिरंगी शिधापत्रिका १९९९ मध्ये आल्या. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये, तर केशरीसाठी एक लाख. एक लाख म्हणजे महिन्याला जेमतेम ८,३३३ रुपये. महिना बारा हजारांवर घर चालवणारा सुरक्षारक्षक या हिशेबात पांढऱ्या कार्डाचा धनी ठरतो. हृदयशस्त्रक्रियेचे बिल भरण्याची ऐपत मात्र त्या रंगाने येत नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत शासनाने ही अडचण अंशतः मान्य केली. मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही योजनेत घेतले गेले. शेजारच्या जिल्ह्यातील तशाच कोरडवाहू शेतकऱ्याला ते लागू नव्हते.

केंद्राच्या योजनेमुळे काय बदलले?

सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेवर बेतलेली होती आणि संरक्षण पाच लाखांचे होते. २०२० मध्ये दोन्ही योजना एकत्र राबवायला सुरुवात झाली. परिणामी एकाच चाळीतील दोन केशरी कार्डधारकांपैकी गणनेत नाव असलेल्याला पाच लाख आणि दुसऱ्याला दीड लाख, असा विचित्र भेद निर्माण झाला.

२०२३ चा निर्णय काय?

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबे पात्र ठरली. संरक्षण सरसकट पाच लाख झाले, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर गेली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. उत्पन्नाची अट जवळजवळ निकालात निघाली.

मग बाहेर कोण राहते?

मुख्यतः कागद नसलेले. अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. परराज्यातून आलेल्या मजुराचे नाव त्याच्या गावच्या आयुष्मान यादीत असेल, तर त्या कार्डावर महाराष्ट्रातही उपचार होतात. नसेल तर सरकारी रुग्णालयावाचून फारसा पर्याय उरत नाही.

पात्र कुटुंबांनाही एक मर्यादा आहे. योजना प्रामुख्याने दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात येत नाही, आणि उपचार यादीत नसेल किंवा रुग्णालय अंगीकृत नसेल तर कार्ड कोणत्याही रंगाचे असले तरी बिल भरावे लागते. म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठून शिधापत्रिका आणि आधार दाखवणे हिताचे.