घरपट्टी : घर पाहून की माणूस पाहून?

जन्माधारित विषमता मांडणाऱ्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आंधळे, पांगळे आणि सत्तरी गाठलेले वृद्ध यांच्याकडून कर घेऊ नये, असा नियम आहे. तेथे निकष माणसाच्या सामर्थ्याचा होता.

आधुनिक घरपट्टीचा निकष निराळा. वऱ्हाडातील नगरपालिका १९२२ च्या मध्यप्रांताच्या कायद्याखालून १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली आल्या. चांदूर रेल्वेची नगरपरिषदही आज त्याच कायद्याने चालते. त्यात घरपट्टीचा पाया ठरला घराचे वार्षिक भाडेमूल्य. घरात भाडेकरू नसला, मालकीण वृद्ध आणि मिळकत शून्य असली, तरी मूल्य तेच.

२०२० मध्ये मात्र राज्याने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करात माफी दिली. घराबरोबर घरमालकालाही पाहणे कायद्याला अशक्य नाही. वृद्ध व दिव्यांगांसाठी सवलत मागणे, हे करविचारातील त्याच जुन्या तत्त्वाची आठवण देणे आहे.