चालकाविना मोटार

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मी रात्री मोटार चालवणे सोडले आहे. माझा नातू म्हणतो, काळजी नको, लवकरच मोटारी आपल्या आपणच चालतील. हे कितपत खरे, म्हणून या मोटारीचा इतिहास वाचून काढला. तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवते.

१९८०नंतर जर्मनीत प्राध्यापक अर्न्स्ट डिकमान्स यांनी एका व्हॅनला कॅमेरे व संगणक जोडून ती रस्त्यावर चालवून दाखवली. १९९५ साली त्यांची मर्सिडीज म्युनिकहून डेन्मार्कला गेली, आणि बहुतेक अंतर तिने स्वतःच कापले. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहावे वाळवंटात अशा मोटारींची १४२ मैलांची शर्यत लावली. एकही मोटार आठ मैलांपलीकडे गेली नाही! पुढच्याच वर्षी मात्र १३२ मैलांची शर्यत पाच मोटारींनी पुरी केली. पहिली आलेली स्टॅनफर्ड विद्यापीठाची मोटार सात तासांच्या आत पोहोचली.

आपल्या जेरुसलेमचाही यात वाटा आहे. हिब्रू विद्यापीठाचे प्राध्यापक अम्नोन शाशुआ व झिव अविराम यांनी १९९९ साली मोबिलआय ही कंपनी काढली. पुढे धोका दिसताच चालकाला सावध करणारी तिची कॅमेऱ्याची योजना जगभर गेली. २०१७ साली इंटेलने ती कंपनी पंधराशे कोटींहून अधिक डॉलरना घेतली.

२०२० पासून अमेरिकेतील फिनिक्स भागात चालकाविना टॅक्सी सर्वांना मिळू लागली. पण तिचा इलाखा आखलेला असतो. आपल्या पूर्वजांच्या घाण्याचा बैल डोळे बांधूनही चुकत नसे, कारण त्याचा फेरा ठरलेला असे. तसेच काहीसे हे आहे.

फेऱ्याबाहेरचे काही पुढे आले की काय होते, ते त्याच फिनिक्सजवळच्या टेंपी गावी १८ मार्च २०१८च्या रात्री दिसले. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. चाचणीच्या मोटारीला ती धडकेपूर्वी ५.६ सेकंद दिसली होती. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे यंत्राला ठरवता येईना. देखरेखीला बसलेल्या चालकाची नजर फोनकडे होती. बाई प्राणास मुकली.

हे वाचताना मला रात्रपाळी आठवली. मॉनिटर वाजू लागला की वायर निसटली की रोगी बिघडला, हे रोग्याच्या तोंडाकडे पाहूनच कळे. आणि यंत्र आहे म्हणून निर्धास्त झालेली नर्स सर्वांत धोक्याची, असे आम्हाला शिकवलेले होते. दिसणे वेगळे, ओळखणे वेगळे.

तरीही या शोधाला मी नावे ठेवणार नाही. पिऊन किंवा पेंगत मोटार चालवणाऱ्यांनी केलेली दैना मी अपघात विभागात पाहिली आहे. यंत्र पीत नाही, पेंगत नाही. मात्र रस्त्यात अवचित आलेले माणूस ते न चुकता ओळखू लागेपर्यंत, रात्रीच्या लग्नाला मला न्यायला नातवानेच यावे, हे बरे.