हाताने लाकडी धनुष्य कसं बनवतात? लाकूड निवडण्यापासून पहिल्या बाणापर्यंत संपूर्ण माहिती

एका लाकडाच्या फळीचं ६० सेकंदात धनुष्य होताना दाखवणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. बघताना वाटतं, एवढं सोपं? पण त्या ६० सेकंदांत एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे थोडं तासायचं, वाकवून बघायचं, थांबायचं आणि पुन्हा थोडं तासायचं. खरं धनुष्य तिथेच बनतं, आणि घाई केली तर तिथेच मोडतं. लाकडाला ‘अनडू’ बटण नसतं. या लेखात आपण हे काम नेमकं कसं चालतं ते स्टेप बाय स्टेप समजून घेऊया.

सेल्फ बो म्हणजे काय?

एकाच लाकडाच्या तुकड्यातून बनवलेल्या धनुष्याला ‘सेल्फ बो’ म्हणतात. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. त्यांच्या हातातलं धनुष्य कंपाउंड प्रकारचं होतं, म्हणजे चाकं आणि केबल असलेलं. सेल्फ बोमध्ये यातलं काहीच नसतं. फक्त लाकूड आणि दोरी.

हे तंत्र खूप जुनं आहे. डेन्मार्कमधल्या होल्मगार्ड इथे दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे ९००० वर्षांपूर्वीची आहेत. इंग्लंडचं ‘मेरी रोज’ हे युद्धनौकेचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यातून यू लाकडाची सव्वाशेहून जास्त धनुष्यं मिळाली. आपल्याकडे भिल्ल समाजात बांबूचा तीरकामठा पिढ्यानपिढ्या बनतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते.

छंद म्हणून या कामाला अमेरिकेत मोठी चालना मिळाली. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा इशी याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप हे धनुर्विद्या आणि धनुष्य बनवणं शिकले. इशीचं १९१६ मध्ये निधन झालं. १९२३ मध्ये पोप यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि अनेकांना ही वाट सापडली.

धनुष्य काम कसं करतं?

धनुष्याला एक बॅटरी समजा. तुम्ही दोरी हळूहळू ओढता तेव्हा ती चार्ज होते, आणि सोडता तेव्हा बरीचशी ऊर्जा एका झटक्यात बाणाला मिळते.

ही ऊर्जा वाकलेल्या लाकडात साठते. निशाणाकडे असलेल्या बाजूला ‘पाठ’ म्हणतात आणि तुमच्याकडे असलेल्या बाजूला ‘पोट’. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचा एखादा धागा कापलेला असेल, तर ताण आल्यावर तिथूनच ढलपी उठते आणि धनुष्य मोडतं. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: पाठीला हात लावायचा नाही, तासायचं ते पोटाच्या बाजूने.

दुसरी गोष्ट जाडीची. पट्टीची रुंदी निम्मी केली तर तिचा कडकपणा निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर तो थेट आठवा हिस्सा उरतो. १० मिलिमीटरची पट्टी ९ मिलिमीटर झाली की कडकपणा साधारण २७ टक्क्यांनी कमी झालाच समजा. एका मिलिमीटरची किंमत एवढी मोठी आहे!

लाकूड कोणतं घ्यायचं?

परदेशात यू, ओसेज ऑरेंज, हिकरी, ॲश आणि एल्म ही लाकडं प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे बांबू सगळ्यात सहज मिळतो. धामणीचं लाकूडही चिवट आणि लवचिक म्हणून ओळखलं जातं. वखारीत फळी निवडताना हे बघा:

• लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असेल तर ती फळी सोडून द्या.
• गाठ, चीर किंवा किडीचं भोक नको.
• लाकूड चांगलं वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचं धनुष्य वाकडंच राहतं. ताजा ओंडका वाळायला कित्येक महिने लागतात.
• बांबू घेतला तर बाहेरची चकचकीत बाजू पाठ म्हणून ठेवा. तिथे धागे सगळ्यात दाट असतात. तासायचं ते आतून.

जंगलातून परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, त्यामुळे लाकूड विकतच घ्या.

कोणतं सामान लागतं?

करवत, रंधा, लाकडाची कानस, पॉलिश पेपर, क्लॅम्प, मोजपट्टी आणि पेन्सिल एवढं पुरे. ताकद मोजायला बॅगेचं वजन करणारा छोटा डिजिटल काटा चालतो. दोरीसाठी पॉलिस्टरचा मजबूत धागा घ्या. साधी नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून ती टाळा. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क लावायलाच हवा.

स्टेप बाय स्टेप पद्धत

१. माप ठरवा: पहिल्यांदा बनवताय तर धनुष्य लांब ठेवा. लांब धनुष्यात लाकडावर ताण कमी येतो. दोरी २८ इंच ओढायची असेल तर ६८ ते ७२ इंच लांबी ठीक. ताकदीचं लक्ष्य ३० ते ३५ पाउंड ठेवा.

२. आकार काढा: फळीच्या मधोमध रेघ मारा. मधल्या भागात पावणेदोन ते दोन इंच रुंदी ठेवा आणि टोकांकडे ती निमुळती करत अर्ध्या इंचावर आणा.

३. ढोबळ तासणी: पोटाच्या बाजूने मध्यापासून टोकांकडे जाडी हळूहळू कमी करा. कडा किंचित गोल करा. इथे जाडी जास्तच राहू द्या.

४. जमिनीवर टेकवून बघा: एक टोक जमिनीला लावून मुठीच्या भागावर हलका दाब द्या. दोन्ही भुजा थोड्या वाकल्या की पुढे जा.

५. टिलरिंग करा: सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. खाली सविस्तर सांगितली आहे.

६. फिनिशिंग: पॉलिश पेपर मारा आणि जवसाच्या तेलाचे हात द्या. मुठीला दोरा किंवा चामड्याची पट्टी गुंडाळा.

टिलरिंग म्हणजे काय?

दोन्ही भुजा सारख्या आणि सलग वळणाने वाकाव्यात म्हणून जागोजागी लाकूड कमी करणं म्हणजे टिलरिंग. टोकांना खाचा करून सैल, लांब दोरी बांधतात. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर आडवं ठेवतात. दोरी कप्पीवरून घेऊन लांब उभं राहून ओढतात. लांब अशासाठी, की मोडलं तर तुकडे अंगावर येऊ नयेत.

आता मोबाइल कामाला लावा. ट्रायपॉडवर फोन ठेवा, भिंतीवर चौकटी आखा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. डोळ्याला न दिसलेला फरक फोटोत लगेच कळतो.

• जो भाग सपाट राहतो तो कडक. तिथे पेन्सिलने खूण करा आणि थोडंसंच खरवडा.
• जो भाग बिजागरीसारखा एकाच जागी मुडपतो तो कमजोर. त्याला अजिबात हात लावू नका, बाकीचा भाग कमी करा.
• प्रत्येक खरवडणीनंतर दोरी थोडीच, २०-३० वेळा ओढा. केलेला बदल लाकडात दिसायला तेवढा वेळ लागतो.
• ठरवलेल्या ताकदीपेक्षा जास्त जोराने कधीच ओढू नका. लक्ष्य ३५ पाउंडचं असेल आणि काटा १५ इंचांवरच ३५ दाखवत असेल तर तिथेच थांबा, तासा आणि मग पुढे जा.

वळण सारखं आलं की बेताची, आखूड दोरी चढवा आणि मग इंच-इंच करत २८ पर्यंत पोहोचा. यातच कित्येक तास जातात. पहिलं धनुष्य मोडणं फार सर्वसामान्य आहे. मोडलेला तुकडा फेकू नका. तो कुठून मोडला हे बघितलं तर दुसरं धनुष्य कसं करायचं हे त्यातूनच कळतं.

कोणती काळजी घ्यायची?

• बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. ऊर्जा बाणाला न मिळता लाकडातच परत जाते आणि धनुष्य फुटू शकतं.
• प्रत्येक वेळी आधी चिरा तपासा. चीर दिसली तर ते धनुष्य फक्त भिंतीवर शोभेला.
• २८ इंचांसाठी बनवलेलं धनुष्य लांब हातांच्या मित्राला पूर्ण ओढू देऊ नका.
• वापर झाला की दोरी उतरवा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.
• सराव मैदानावर, मागे भक्कम आडोसा असलेल्या जागीच करा. माणूस किंवा जनावर समोर असेल तर धनुष्य उचलायचंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती वेळ लागतो?
वाळलेली फळी असेल तर रोज थोडं काम करून एक-दोन आठवडे धरा.

मशीन वापरली तर चालेल का?
ढोबळ कापायला चालेल. टिलरिंग मात्र हातानेच करा. मशीन एका सेकंदात मिलिमीटर खाते आणि तो परत मिळत नाही.

पीव्हीसी पाइपचं धनुष्य सोपं नाही का?
बनवायला सोपं आहे. पण प्रत्येक लाकडाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो ओळखायला शिकणं हाच या छंदाचा खरा भाग आहे.

थोडक्यात सांगायचं तर लाकूड सरळ निवडा, पाठीला हात लावू नका आणि तासण्याआधी दोनदा बघा. मग दोन-तीन आठवड्यांनी तुमच्या हातात असं काही असेल ज्याला ना चार्जर लागतो, ना अपडेट.