उन्हावर चाललेला मुंबईचा पंप

१/४
साल १८७८. मुंबईच्या कुलाब्यात एका आवारात वाफेचा पंप चालू होता. मात्र बॉयलरखाली ना कोळसा होता, ना लाकूड.

२/४
उच्च न्यायालयातील अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून सूर्यकिरण बॉयलरवर एकवटले होते. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चाले. सूर्य सरकला की आरसेही सरकवावे लागत.

३/४
उष्ण प्रदेशांत ऊन इंधनाची जागा घेऊ शकते, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी त्याच वर्षी लिहिला. तरीही पुढील कित्येक दशके कोळशाचेच राज्य राहिले.

४/४
आज आरशांच्या जागी पॅनेल आले, वाफेच्या जागी वीज. शिवारातील बिनबॅटरीचा सौरपंपही ऊन असेतोच चालतो. रात्रीसाठी वीज नव्हे, टाकीत वा शेततळ्यात पाणी साठवायचे.