गँगपासून वर्कशॉपपर्यंत : शिष्यवृत्तीचा एक इतिहास

आमच्या देवळ्यात वस्तीतला एखादा मुलगा डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला लागला की त्याचा सत्कार होतो, आणि उत्तरादाखल तो हमखास म्हणतो, 'सरकारच्या मदतीमुळे शिकतो आहे.' मीही एके काळी असेच म्हणालो होतो. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि इतिहास ठाऊक नसल्यामुळे अपुरे आहे. ज्याला आपण मदत म्हणतो तो पैसा हिशोब मांडून मिळवलेला हिस्सा आहे. तो हिशोब कोणी, कसा मांडला, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे आजोबा, आईचे वडील, मनमाडला रेल्वेच्या गँगमध्ये होते. गँगमन म्हणून लागले आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तेव्हा ते मांडवात बसले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे तिथले म्हणणे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या, फोरमनच्या जागी तर तो दिसतच नाही, हे बाबासाहेबांनी कामगारांसमोर मांडले. म्हणजे जात केवळ मंदिराच्या दारात उभी नव्हती, यंत्राच्या दारातही उभी होती.

या दुसऱ्या दाराचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवावीत, गिरण्यांत व रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, इंजिनिअरिंग शिकायला परदेशी पाठवावे, अशा शिफारशी तिच्या १९३० च्या अहवालात आहेत. त्याच वर्षी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह आपल्या स्मरणात राहिला. अहवाल कपाटात राहिला.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, अशी त्यातील भूमिका आहे. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या वाट्याचे काय, असा सरळ सवाल आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, हीही मागणी आहे. नाशिक रोडचा छापखाना आणि मनमाडचा रेल्वे कारखाना ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील वाचकाला या मागणीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. या प्रयत्नांतून १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. गँगमनच्या पोराने वर्कशॉपात शिरावे, हा तिचा मूळ हेतू.

तो हेतू व्यवहारात कसा मोडतो, हे मी स्वतः पाहिले. १९८१ साली मी नाशकात मेकॅनिकल डिप्लोमाला गेलो. देवळा तेव्हा कळवण तालुक्यात होते. दाखल्यांसाठी आईने कळवणच्या किती खेपा घातल्या याची गणती नाही. प्रत्येक खेपेला तिचा रोज बुडे. जून-जुलैत ड्रॉइंग बोर्ड हवा, वर्कशॉपचे कपडे हवेत, खानावळीचे पैसे हवेत. शिष्यवृत्ती हातात पडली तेव्हा वर्ष संपले होते. मधले महिने आईने कांदा लागवडीच्या उचलीवर काढले. उचलीला व्याज नव्हते, पण त्या बदल्यात मजुरी कमी धरली जाई. शिष्यवृत्ती आली, ती उचल फिटायला गेली. आता मी विचारतो, त्या वर्षी कोणी कोणाला मदत केली? सरकारचा हिस्सा एका भूमिहीन बाईने आगाऊ भरला, आणि तोही स्वतःची मजुरी कापून.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, शुल्कही वाढले. १९४४ च्या योजनेत विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न मोठा होता. आता संस्थेच्या शुल्काचा प्रश्न त्याच्या डोक्यावर येऊन बसला. २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने या योजनेसाठी ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के ठरवला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याचे धोरण घेतले. ही चांगली गोष्ट आहे. पण खाते विद्यार्थ्याचे आणि तारीख सरकारची, हे दुखणे त्याने बरे होत नाही. कार्यालयाची खिडकी गेली, महाडीबीटीचे पोर्टल आले. 'अर्ज प्रलंबित' हे शब्द तेवढे राहिले.

तारखेची किंमत काय असते? २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याची दाद लागली. पण प्रत्येक तालुक्यातला मुलगा दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही. तो गपचूप घरी परततो, आणि घरचे लोकही 'याला शिकायचे नव्हते' असेच म्हणतात.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एकच सूचना आहे. सत्कार जरूर करा, पण गावात एक वहीही ठेवा. कोणाचा अर्ज कधी गेला, पैसा कधी आला, मधल्या काळात घरच्यांनी उचल कोणाकडून घेतली, हे तारखेनिशी लिहा. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयसमोर आकडे ठेवले होते. आपल्याला निदान तहसीलदारासमोर ठेवता आले पाहिजेत. शुल्काच्या तारखेआधी शिष्यवृत्ती, एवढीच मागणी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

माझ्या आईजवळ अशी वही नव्हती. असती, तर त्या सत्कारात मी आभार सरकारचे मानले नसते, तिचे मानले असते.